आढ्यावरचं वाशिम

अकोल्याहून वाशिमला निघालं की पातूरपर्यंतचा रस्ता सरळ, सपाट आहे. दोन्ही बाजूंना पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, खोल जमीन, तिच्यात कपाशी, तूर, हरभरा. पातूर सोडलं की घाट लागतो. सागाचं रान सुरू होतं, वळणं येतात, शिमग्याच्या सुमारास गेलं तर पळसानं डोंगराच्या कडा तांबड्या झालेल्या असतात. मेडशी येतं, मालेगाव येतं. घाट चढून झाला, आता पलीकडे उतार लागेल, असं नवख्या माणसाला वाटतं. तो लागत नाही. चढून आलेला माणूस वरच राहतो आणि त्या वरच्या पठारावर वाशिम शहर येतं.

डोंगरावरचं शहर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चिखलदरा येतं, महाबळेश्वर येतं. धुकं, दरी, कडा, थंड हवा. वाशिममध्ये यातलं काहीच दिसत नाही, म्हणून त्याला कुणी डोंगरावरचं शहर म्हणत नाही. पण अजिंठ्याची जी रांग पश्चिमेकडून बुलढाण्यावरून पूर्वेला येते, तिच्याच पाठीवर हे शहर वसलेलं आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग मानत. पूर्णेच्या काठचा खालचा मुलूख तो पाइनघाट आणि डोंगर चढून वर आल्यावरचा तो बालाघाट. पाइनघाटाकडे काळी माती होती, कापूस होता, पुढे रेल्वे आली, गिरण्या आल्या, पैसा आला. बालाघाटाकडे उंची होती. वाशिमचं सारं नशीब या उंचीनं ठरवलं आहे, असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे.

घराच्या छपराला जसं आढं असतं, तसं वाशिम विदर्भाच्या आढ्यावर बसलेलं आहे. पाऊस पडला की एका पाखेचं पाणी उत्तरेला जातं, दुसऱ्या पाखेचं दक्षिणेला. उत्तरेला उतरतं ते काटेपूर्णेतून पूर्णेत, पूर्णेतून चांगदेवापाशी तापीत आणि तापीबरोबर अरबी समुद्रात. दक्षिणेला आणि पूर्वेला उतरतं ते पूस, अडाण, अरुणावती, पैनगंगा यांच्यातून वर्धेत, वर्धेतून प्राणहितेत, सिरोंच्यापाशी गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागरात. वाशिम तालुक्यात काटा नावाचं गाव आहे. काटेपूर्णा उगम पावते ती याच गावाच्या परिसरात आणि पुसदला नाव देणारी पूस नदीही इथलीच. एका शिवारातून निघालेल्या दोन नद्या. एकीचं पाणी गुजरातच्या किनाऱ्याला लागतं, दुसरीचं आंध्रच्या.

त्या भागातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं एकदा मला धुऱ्यावर उभं करून हे समजावून सांगितलं होतं. भर पावसाळा होता. सकाळी जोराची सर येऊन गेली होती आणि सोयाबीनच्या तासांमधून गढूळ पाणी वाहत होतं. ते किती पातळ आणि किती घाईचं होतं! मुरमाड जमीन, वीतभर मातीखाली दगड. पाणी आत मुरायला जागाच नाही. बाबांनी हातातल्या काठीनं दोन्ही बाजू दाखवल्या. “इकळचं अकोल्याले जाते, तिकळचं पुसदले. आपल्यापाशी राह्यते ते आपुन अळवलं तेवळंच.” मग वाकून त्यांनी पायानं थोडा चिखल लोटला, धुऱ्याला पडलेली चीर बुजवली आणि ते पुढे चालू लागले.

आपण अडवू तेवढंच आपल्याजवळ राहतं. वाशिमच्या सतराशे वर्षांच्या इतिहासाचा अर्थ लावायला मला याहून चांगली किल्ली सापडलेली नाही.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वत्सऋषींनी इथं तप केलं, त्यांच्यासाठी देव इथं येऊन राहिले आणि या क्षेत्रात १०८ तीर्थं निर्माण झाली, अशी कथा वत्सगुल्ममाहात्म्यात आहे. पद्मतीर्थ तर साक्षात विष्णूनं निर्माण केलं असं मानतात. श्रद्धेच्या गोष्टीला पुराव्याची गरज नसते, पण या कथेत मला एक शहाणपण दिसतं. काशीला गंगा आहे, नाशिकला गोदावरी आहे, पंढरपूरला भीमा आहे. नदीच्या काठी वसलेल्या क्षेत्राला पावित्र्य शोधायला लांब जावं लागत नाही. वाशिमला मोठी नदी नाही. आढ्यावर नदी असूच शकत नाही, तिथं नद्यांची फक्त सुरुवात असते. म्हणून या गावानं आपली पवित्र ठिकाणं साठवलेल्या पाण्यात मानली. तळी, कुंडं, बारव. जिथं पाणी थांबलं तिथं तीर्थ झालं. पूर्वजांनी जे जपायला हवं त्याला देवत्व दिलं आणि १०८ हा आकडा सांगून ठेवला, म्हणजे एकही तळं कुणी क्षुल्लक समजू नये.

इतिहासात वत्सगुल्म ठसठशीतपणे दिसतं ते चौथ्या शतकात. वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्यानंतर राज्याची वाटणी झाली. थोरली पाती रामटेकजवळच्या नंदिवर्धनाला राहिली आणि प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन यानं वत्सगुल्मला आपली राजधानी केली. नंदिवर्धनाच्या पातीला गुप्तांची लेक प्रभावतीगुप्ता सून म्हणून मिळाली, रामगिरीशी कालिदासाचं नाव जोडलं गेलं आणि त्या घराण्याचा बोलबाला झाला. वत्सगुल्मची शाखा मात्र इतकी विस्मरणात गेली, की अशी एक वेगळी शाखा होती हेच इतिहासकारांना विसाव्या शतकापर्यंत ठाऊक नव्हतं. १९३९ साली वाशिममध्ये विंध्यशक्ती दुसरा या राजाचा ताम्रपट सापडला आणि सगळा उलगडा झाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा जो अभ्यास केला, त्यानं वत्सगुल्मला इतिहासात त्याची जागा परत मिळवून दिली.

हा ताम्रपट राजाच्या राज्यवर्ष ३७ मधला आहे. नांदेडच्या, म्हणजे तेव्हाच्या नंदिकटाच्या, भागातलं एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याची ती सनद आहे. तिच्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार, अटी, सवलती हे सारं प्राकृतात. राजाचा मोठेपणा पंडितांच्या भाषेत आणि जमिनीची गोष्ट लोकांच्या बोलीजवळच्या भाषेत. ज्या प्राकृतातून पुढे मराठी आली, ती प्राकृत इथं दरबाराच्या कामकाजात नांदत होती. आणि सर्वसेन राजा स्वतः प्राकृतातला कवी होता. कृष्णानं सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणला, त्या कथेवर त्यानं ‘हरिविजय’ नावाचं महाकाव्य लिहिलं. आनंदवर्धनासारख्या काश्मीरच्या काव्यशास्त्रज्ञानं त्याची वाखाणणी केली. वाशिमच्या राजाचं काव्य काश्मीरपर्यंत पोचलं होतं. आज ते काव्य उपलब्ध नाही. इतरांच्या ग्रंथांतून त्याचे उल्लेख आणि काही तुकडे तेवढे उरले आहेत.

राजशेखर हा दहाव्या शतकातला मोठा साहित्यमीमांसक. काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचं लग्न कुठं लागलं, याची एक सुंदर कथा त्यानं ‘काव्यमीमांसे’त सांगितली आहे. ही दोघं देशभर फिरतात, प्रांताप्रांताची वेशभूषा, नृत्य आणि बोलण्याची रीत पाहतात आणि शेवटी विदर्भात वत्सगुल्म नगरात त्यांचं लग्न लागतं. तोवर वाकाटकांचं राज्य लयाला जाऊन चारशे वर्षं झाली होती. तरी काव्याच्या लग्नासाठी त्याला दुसरं गाव सुचलं नाही. एवढं नाव या आढ्यावरच्या गावानं कमावलं होतं.

पण वाशिमचा खरा ग्रंथ मला एका दगडावर लिहिलेला वाटतो. शहरापासून दहाएक किलोमीटरवर हिस्से-बोराळा गाव आहे. तिथं वाकाटक राजा देवसेन याच्या काळातला शिलालेख सापडला. त्यावर साल कोरलेलं आहे, शके ३८०, म्हणजे इसवी सन ४५८. वाकाटकांचे लेख आपापल्या राजाच्या राज्यवर्षांत बोलतात. शकाचं वर्ष देणारा त्यांचा हा एकच लेख आजवर मिळाला आहे. त्या वेळी आकाशात सप्तर्षी कोणत्या नक्षत्रात मानले जात होते, तेही त्यात नोंदलेलं आहे. आणि हा सगळा काटेकोरपणा कशासाठी? लढाई जिंकली म्हणून नाही, देऊळ बांधलं म्हणून नाही. स्वामिल्लदेव नावाच्या राजसेवकानं तळं बांधलं, त्याची ही नोंद आहे. तळ्याचं नाव सुदर्शन.

सुदर्शन हे नाव भारताच्या इतिहासात मोठं आहे. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी सुदर्शन तलाव होता. चंद्रगुप्त मौर्याच्या सुभेदारानं तो बांधला, तो फुटल्यावर महाक्षत्रप रुद्रदामनानं इसवी सन १५० मध्ये त्याची दुरुस्ती केली आणि तो पुन्हा फुटल्यावर स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्यानं ४५६-५७ च्या सुमारास त्याचा बांध परत घातला. म्हणजे तिकडे गिरनारला सुदर्शनचा बांध नव्यानं उभा राहून एक-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा इकडे वत्सगुल्मजवळ त्याच नावाचं तळं बांधून पुरं झालं. दोन गावांमध्ये शेकडो कोसांचं अंतर. तरी पाणी अडवण्याच्या कामाची कीर्ती त्या काळात किती लांब जात असेल, हे या एका नावावरून कळतं.

देवसेनाविषयी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला लेख सांगतो, की राज्याचा भार हस्तिभोज या मंत्र्यावर सोपवून राजा सुखोपभोगात रमला. राजाची आठवण अशी उरली. त्याच्या एका सेवकानं बांधलेलं तळं मात्र सालानिशी, नक्षत्रानिशी इतिहासात राहिलं. वाशिमच्या लेकरांनी पाठ करावा असा हा धडा आहे.

हस्तिभोजाचा मुलगा वराहदेव. देवसेनानंतर गादीवर आलेल्या हरिषेणाचा तो मंत्री. अजिंठ्याचं सोळावं लेणं त्यानं कोरवलं, आणि अजिंठ्याची उत्तरकाळातली बहुतेक उत्तम लेणी, ज्यांची चित्रं बघायला जगभरातून माणसं येतात, ती हरिषेणाच्याच काळातली मानली जातात. अजिंठा आणि वाशिम एकाच डोंगररांगेवर आहेत, सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर. पद्मपाणीचा तो खाली झुकलेला चेहरा ज्यांनी रंगवला, ते चित्रकार वत्सगुल्मच्या राजछत्राखाली काम करत होते. अजिंठ्याला जाणाऱ्या हजारांतल्या एकालाही वाशिमचं नाव ठाऊक नसतं. पाण्यासारखंच आहे हे. उगम इथला आणि घाट बांधले गेले ते दुसरीकडे.

हरिषेणानंतर थोड्याच वर्षांत, पाचव्या शतकाच्या अखेरीस, वाकाटकांची सत्ता कोसळली. वत्सगुल्म पुन्हा कधी कुणाची मोठी राजधानी झालं नाही. पण ते पुसलंही गेलं नाही. भास्कराचार्यांनी ११८३ च्या सुमारास ‘करणकुतूहल’ हा ज्योतिषग्रंथ लिहिला. ग्रहगणितासाठी पृथ्वीची मध्यरेखा कुठून जाते, ते सांगताना त्यांनी लंका, कांची, उज्जयिनी, कुरुक्षेत्र, मेरू अशा ठिकाणांच्या ओळीत वत्सगुल्मचं नाव घातलं. शहरातल्या मध्यमेश्वराच्या देवळाचं नातं लोक आजही या रेषेशी जोडतात. आजच्या नकाशावर मोजलं तर वाशिम उज्जैनच्या रेखांशापेक्षा अंशभराहून थोडं जास्त पूर्वेला पडतं. त्या काळच्या साधनांनी, ग्रहणांच्या वेळा आणि प्रवासाची अंतरं मोजून आखलेली ती रेषा. तिच्यात अंशाची चूक राहिली यापेक्षा, भारतातल्या श्रेष्ठ गणितज्ञाला दक्षिणोत्तर रेषा ओढताना वाशिमवर बोट ठेवावंसं वाटलं, हे मला मोठं वाटतं.

अकबराच्या काळात ‘ऐन-इ-अकबरी’त बासीम, म्हणजे वाशिम, हा वऱ्हाड सुभ्यातला एक सरकार म्हणून नोंदलेला आहे. या डोंगराळ भागात हटकर लोक राहतात, ते मानी आणि सहजासहजी न वाकणारे आहेत, त्यांच्याकडे घोडेस्वार आणि पायदळ आहे, असंही अबुल फजलनं लिहून ठेवलं. पाइनघाटातल्या सुपीक गावांवर सत्ता चटकन बसायची, कारण तिथं वसुली सोपी होती. वरच्या पठारावर माणसं जास्त स्वतंत्र वृत्तीची. डोंगर माणसाला गरीब ठेवतो, तसाच ताठही ठेवतो.

मराठ्यांच्या काळात इथले विणकर नावाजलेले होते. १७६९ साली थोरले माधवराव पेशवे आणि नागपूरचे जानोजी भोसले यांच्यात कनकापूरचा तह झाला. त्यात दर वर्षी पेशव्यांना द्यायच्या जिनसांत वाशिम आणि बाळापूरच्या कापडाचा समावेश होता. दोन बलाढ्य सत्तांच्या तहात ज्याचं नाव यावं, असं कापड इथल्या मागांवर निघत होतं. पुढे साबाजी भोसल्यांचे कारभारी भवानी काळू यांनी १७७९ च्या सुमारास बालाजीचं मोठं देऊळ बांधलं. आक्रमणाच्या धास्तीनं जमिनीत पुरून ठेवलेली मूर्ती सापडली आणि तिच्यासाठी हे देऊळ उभं राहिलं, असं इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. देवळाबरोबर भवानी काळूंनी तलावही बांधला. स्वामिल्लदेवानंतर तेराशे वर्षांनी या पठारावरच्या कर्त्या माणसाला पुन्हा तीच गरज जाणवली. देवाला घर द्यायचं तर गावाला पाणी द्यावं लागतं. पुढे १८०९ मध्ये पेंढाऱ्यांनी शहर लुटलं. लुटून नेण्यासारखं गावात काही होतं, याची ती दुःखद साक्ष आहे.

इंग्रजांनी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतलं आणि पुढे बासीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. तो फार काळ टिकला नाही. १९०५ मध्ये वऱ्हाडाची फेररचना झाली, बासीम जिल्हा मोडला, वाशिम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले गेले, पुसद यवतमाळकडे गेलं. आढ्याच्या एका पाखेचं एकीकडे, दुसऱ्या पाखेचं दुसरीकडे. त्यानंतर १ जुलै १९९८ ला वाशिम पुन्हा जिल्हा झाला. मधे ९३ वर्षं गेली. जिल्हा मोडणं ही कागदावरची गोष्ट वाटते, पण तिचा भार माणसांच्या पायांवर पडतो. कोर्टाची तारीख, जमिनीचा नकाशा, नोकरीचा दाखला, मोठं आजारपण, सगळ्यासाठी घाट उतरून अकोला गाठायचं आणि संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर तिथंच कुणाच्या तरी ओसरीवर रात्र काढायची. आमच्या घरातल्या जुन्या कागदांवर ‘जिल्हा अकोला’ असंच आहे. शिकलेली मुलं खाली गेली ती परत आली नाहीत. वकील, डॉक्टर, मास्तर, व्यापारी, जो जो पुढे सरला तो तो उताराला लागला. रेल्वे होती, खांडवा-अकोला-पूर्णा मीटरगेज. तिच्या डब्यांतून जयपूरपासून हैदराबादपर्यंतची माणसं वाशिमवरून जात. २००८ मध्ये इथला मार्ग ब्रॉडगेज झाला.

या जिल्ह्याकडे माणसं येतात ती बहुतेक भक्तीनं. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहे, देशभरातले जैन भाविक तिथं येतात. कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. या गावात जन्मलेला तो संन्यासी पुढे नृसिंहवाडीला आणि गाणगापूरला राहिला आणि त्याची मोठी पीठं तिकडे झाली. तीही उगमाचीच गोष्ट. मानोरा तालुक्यातली पोहरादेवी हे बंजारा समाजाचं श्रद्धास्थान आहे, संत सेवालाल महाराजांचं स्थान. एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणारा हा समाज. सतत चालत राहिलेल्या माणसांनी आपलं मन ठेवायला ही डोंगराची जागा निवडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथं बंजारा विरासत संग्रहालय उघडलं. आणि पूस नदीच्या काठच्या पुसदमधून, त्याच समाजातून, वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री महाराष्ट्राला मिळाले. सुधाकररावांच्या कारकिर्दीत १९९२ मध्ये राज्यात जलसंधारणाचं वेगळं खातं निघालं. आढ्यावरून उतरणाऱ्या पाण्याकडे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला त्या पाण्याचं मोल वेगळं सांगावं लागलं नसणार.

आज वाशिम जिल्हा सोयाबीनवर जगतो. दसरा-दिवाळीच्या तोंडावर बाजार समितीच्या आवारात सोयाबीनचे ढीग लागतात, पोत्यांच्या थप्प्या उभ्या राहतात, भाव काय निघाला याची चर्चा चहाच्या टपरीपर्यंत चालते. जमीन उथळ आहे, म्हणून पाऊस दोन आठवडे ओढला तरी पीक माना टाकतं. आणि पाऊस धो धो आला तरी मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागतो. काटेपूर्णेचं पाणी महानच्या धरणात साठतं आणि अकोला शहराची तहान भागवतं. वाशिम शहर एकबुर्जीच्या जलाशयावर अवलंबून आहे. तो भरला का, यावर शहराचं पुढचं वर्ष ठरतं. नीती आयोगानं २०१८ मध्ये देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी केली, त्यांना आकांक्षित जिल्हे म्हटलं. महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत वाशिम होतं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि तो याच जिल्ह्यातून, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा या तालुक्यांतून जातो. नागपूर आता दोन-तीन तासांवर आलं आहे.

या रस्त्याचा मला आनंद आहे. आजारी माणूस वेळेत दवाखान्यात पोचतो, संत्र्याची गाडी रात्रीत मुंबईकडे निघते, हे काही थोडं नव्हे. पण रस्ताही उतारच असतो. माल, पोरं, पैसा, पाणी, सगळंच त्यावरून खाली जाऊ शकतं. वत्सगुल्मनं आपलं काव्य काश्मीरला दिलं, आपली चित्रं अजिंठ्याला दिली, आपले संत गाणगापूरला दिले, आपल्या नद्या दोन समुद्रांना दिल्या. देण्याचा त्याला कमीपणा नाही. त्याच्या वाट्याला उपेक्षा आली ती आपण काय काय दिलं, याची नोंद त्याच्याजवळ राहिली नाही म्हणून. ताम्रपट सापडला नसता तर सर्वसेन आणि विंध्यशक्ती यांची ही शाखा आपल्याला कळलीच नसती. हिस्से-बोराळ्याचा दगड कुणी पायरीला लावला असता तर सुदर्शन तळ्याचं सालही गेलं असतं.

म्हणून वाशिमच्या माणसांकडे माझं दोन गोष्टींचं मागणं आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत मुलांना शके ३८० हे साल शिकवा. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचं साल जसं पाठ असतं, तसं हेही पाठ असावं. आपल्या जिल्ह्यात साडेपंधराशे वर्षांपूर्वी एका माणसानं तळं बांधलं आणि ते इतकं महत्त्वाचं मानलं गेलं की ताऱ्यांची जागा पाहून त्याचं साल दगडात कोरलं गेलं, हे दहा वर्षांच्या मुलाला कळलं पाहिजे. आणि दुसरं, उन्हाळा संपण्याआधी आपापल्या गावचं तळं, नाला, बांध एकदा बघून या. गाळ असेल तर तो काढून शेतात टाका, चीर असेल तर बुजवा. त्यासाठी सरकारी योजनेची वाट बघण्याचं कारण नाही. या पठारावर जे काही टिकलं, ते कुणीतरी वेळेवर अडवलं म्हणून टिकलं.